बदकोबाच्या पायाचा काटा

माझे धाकटे दीर मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरत असत. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा मी हे सांगितले, तर वडिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि आईने विचारले, मग ते हात कशाने धुतात? साबणानेच धूत, आणि आमच्यापेक्षा जास्त वेळा धूत. तरी त्यांच्या बोटांना कातडी कमवायच्या तुरटीचा कोरडा वास कायम असे. तो मला इतका सवयीचा झाला होता की ते गेल्यावरही पुष्कळ दिवस तुरटीचा खडा हातात आला की मी दाराकडे बघत असे.

शहराच्या संग्रहालयाच्या तळघरात त्यांची खोली होती. पत्रा ठोकलेले लांब टेबल, भिंतीला तारांची वेटोळी, लहान लहान खणांच्या कपाटात काचेचे डोळे, वाघाचे निराळे, घुबडाचे निराळे. खोलीला एकच खिडकी, तीही छताला टेकलेली, आणि तिच्यातून रस्त्याने जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. दिवसभर तिथे बसून भाऊजी पायांवरून माणसे ओळखायला शिकले होते. संध्याकाळी घरी आले की म्हणत, "वहिनी, आज दुपारी बाजारात गेला होतात. डाव्या चपलेचा अंगठा उसवलाय, शिवून घ्या."

गल्लीतली मुले त्यांना पेंढाकाका म्हणत. "पेंढा नाही रे, लाकडाचा कीस," असे ते दर वेळी दुरुस्त करत आणि पोरे पुढच्या वेळी पुन्हा पेंढाकाकाच म्हणत. अंगाने बारीक, खांदे पुढे आलेले, बोलणे हळू. कोणाशी वाद झाला तर समोरच्याचे बोलून होईपर्यंत थांबत, आणि मग यांचे सांगायचे राहूनच जाई. आमचे हे म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. ते चिडून म्हणत, "याच्या तोंडातच कुणी कीस भरलाय का बघा एकदा."

कामात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. शिवण दिसली की प्राणी मेला, असे ते म्हणत. आमच्या जिन्यात झोपणाऱ्या मांजरीसमोर ते तास तास उकिडवे बसत. श्वास घेताना तिचा खांदा कुठे उतरतो, झोपेत कान कुठे वळतो, हे बघत. मांजरीला त्याची इतकी सवय झाली होती की ते बसले नाहीत तर तीच उठून बघायला येई.

त्यांची दोन खोल्यांची जागा आमच्या समोरच होती. मध्ये जिन्याचा चौक. दोन्ही दारे दिवसभर उघडी असत. माझी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, बाळंतपणानंतर सावरली नाही. तिच्या छातीतले दुखणे आधीचेच होते, डॉक्टर म्हणाले. ती गेली तेव्हा मुलगी अजून मानही धरत नव्हती. जन्मतःच गोल आणि एवढीशी, म्हणून तिला आम्ही गोटी म्हणायला लागलो होतो. बारशाचे नाव पुढे शाळेच्या दाखल्यापुरते उरले.

गोटी बाटली घेईना. रबराचे बोंडूक तोंडाला लावले की जीभ बाहेर काढी आणि निळी पडेपर्यंत रडे. मी करून पाहिले, शेजारणीने पाहिले, नर्सबाईंनी पाहिले. चमचा लावला तर ठसका. तिचे पोट पाठीला लागले तशी आमच्या तोंडचे पाणी पळाले. दुसऱ्या दिवशी भाऊजी कामावर गेले नाहीत. त्यांनी कापसाचे नवे पुडके फोडले, बोळा उकळून घेतला, दुधात बुडवला आणि सदरा काढून, नुसत्या बनियनवर, छातीशी धरला. पोरीला त्यावर पालथी घातली. तिने हुंगले, नाक घासले आणि चोखायला लागली. बोळा निसटला तर ओले बनियनच चाटायची. भाऊजी भिंतीला टेकून बसले होते, हलत नव्हते. डोळ्यांतून पाणी येत होते तेही त्यांनी पुसले नाही, हात मोकळा नव्हता.

मग कित्येक महिने ते तसेच पाजत. घरभर आंबट दुधाचा वास. दोरीवर बनियनांची रांग. कोणी विचारले, पोर काय म्हणते, तर सांगत, "लोक म्हणतात, आम्ही काय बोळ्याने दूध पितो? माझी पितेय बुवा. राजरोस पितेय."

जाऊबाईंची थोरली बहीण म्हणजे गोटीची मावशी दुसऱ्या शहरात राहत असे. मोठे घर, नवऱ्याचा चांगला जम बसलेला, पण मूल नाही. ती वाईट नव्हती, हे मला लिहिलेच पाहिजे. येताना फ्रॉक आणी, पोरीच्या केसांत तेल घाली, बहिणीच्या आठवणीने एकटीच गॅलरीत उभी राही. आणि प्रत्येक खेपेला, निघायच्या आदल्या दिवशी, भाऊजींना विचारी, "हिला मी नेऊ का?" भाऊजी म्हणत, "बघू." आमचे हे मावशीच्या बाजूचे. मुलीच्या जातीला बाईमाणूस हवे, वयात आल्यावर हा काय सांगणार आहे तिला, हे त्यांचे म्हणणे. भाऊजी त्यांचे बोलणे संपेपर्यंत थांबत, आणि त्यांचे स्वतःचे राहून जाई. पण मुलगी द्यायचे नाव काढत नसत. अशी वर्षे गेली आणि गोटी शाळेत जायला लागली.

त्या सुमारास संग्रहालयात प्लॅटिपसचे कातडे आले. दूरच्या कुठल्या तरी संग्रहालयाशी अदलाबदल झाली होती. आपल्याकडून पक्षी गेले, तिकडून हे आले. जुने, वाळून लाकडासारखे झालेले. भाऊजींच्या साहेबांना नवे दालन उघडायचे होते आणि त्यात त्यांना काचेच्या पेटीत मातीचे बीळ, बिळात मादी आणि तिची अंडी, असा देखावा हवा होता. साहेब भला माणूस. तळघरात स्वतः उतरून येत आणि टेबलाच्या कडेला बसून सांगत.

त्यांनी सांगितलेले भाऊजी संध्याकाळी आम्हाला सांगत, आणि आम्ही हसून बेजार होत असू. चोच बदकाची. अंग पाणमांजरासारखे केसाळ. शेपूट चपटी, जाड. पायाला पडदे, आणि जमिनीवर चालताना ते पडदे दुमडून घेतो. तोंडात दात नाहीत. पोटात जठरच नाही, अन्न घशातून उतरते ते थेट आतड्यात. आणि एवढे सगळे करून, सस्तन म्हणवतो आणि अंडी घालतो.

"देवाने उरलंसुरलं एकत्र शिवलं," हे म्हणाले.

भाऊजींना ते फार आवडले. त्यांनी सांगितले की पहिल्यांदा असे कातडे परदेशी पंडितांकडे गेले तेव्हा त्यांनाही तेच वाटले होते. कुणा लबाडाने बदकाची चोच शिवली म्हणून कात्री घेऊन टाके शोधत बसले. "माझ्या कामात टाका दिसला तर माझी नाचक्की," भाऊजी म्हणाले, "आणि या गरिबाच्या अंगावर टाका सापडला नाही म्हणून त्याची नाचक्की."

गोटीने त्याचे नाव बदकोबा ठेवले.

एक दिवस भाऊजी घाईने जिना चढून आले. एरवी ते घाई करत नसत. मी तांदूळ निवडत होते, गोटी माझ्याजवळ पाटीवर चित्र काढत होती. ते दारातच म्हणाले, "वहिनी, हा आपला भाऊबंद निघाला. याच्या मादीला स्तनाग्रं नसतात. दूध कातडीतून पाझरतं आणि केसांवर येतं, आणि पिल्लं ते केसांवरून चाटून घेतात."

त्यांच्या बनियनांची ती रांग माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. त्यांच्याही राहिली असणार. गोटीला त्यातले काही माहीत नव्हते. तिने विचारले, अंडे केवढे असते. भाऊजी म्हणाले, गोटीएवढे. "म्हणजे माझ्याएवढं?" तिने डोळे मोठे केले, आणि मग आम्ही तिघे हसलो.

कातडे मिठाच्या पाण्यात भिजवून मऊ करायला बरेच दिवस लागले. वाळलेली चोच आक्रसून काळी पडली होती, ती त्यांनी मेणाने भरून काढली. डोळे फार बारीक, कपाटातले सगळे मोठे पडले, तेव्हा माझ्या शिवणाच्या डब्यातल्या काळ्या गोल डोक्याच्या टाचण्या घेऊन गेले. मागच्या पायांचे काम चालू असताना घरी येऊन कुरकुरले, की जुन्या कारागिराने काम कच्चे ठेवलेय. दोन्ही टाचांपाशी आतल्या अंगाने तारेचे एकेक टोक बाहेर आले होते. जुन्या कातड्यांत हे नेहमीचेच. पाय ताठ राहावा म्हणून तार घालतात आणि कातडे आक्रसले की तिची टोके बाहेर येतात, त्यांवर सरस वाळून कवच धरते. भाऊजींनी पक्कड लावून दोन्ही टोके कापली. कटकन तुटली म्हणाले, गंजलेली असणार. वर कानस मारली, मेण लावले, रंग दिला. तुटलेले काहीही ते फेकत नसत. टोके गेली बिस्किटांच्या जुन्या डब्यात, इतर शंभर तुकड्यांबरोबर.

अंडी त्यांनी घरी केली, आमच्या स्वयंपाकघरात, मेणाची. खऱ्या अंड्याचे कवच कडक नसते, चामड्यासारखे मऊ असते, म्हणून मेणात काहीतरी मिसळून ते करड्या रंगाचे केले. दोन केली. दुसरे गोटीने वळले. ओले असताना तिचा अंगठा त्यात रुतला आणि ठसा उमटला. ती रडकुंडीला आली. भाऊजींनी अंडे उजेडात फिरवून पाहिले आणि म्हणाले, राहू दे, ठसा खालच्या बाजूला ठेवू. आई शेपूट दुमडून अंडी पोटाशी घट्ट धरते, कुणाला दिसणार आहे?

पेटी मांडली तेव्हा आम्ही सगळे पाहायला गेलो. मातीचे बीळ, तोंड आतून मातीनेच बुजवलेले. अंडी घातली की मादी बिळाचे दार असे आतून लिंपून घेते. आत ती वळून झोपलेली. मला तर वाटले, आता हलेल. खालच्या पाटीवर लिहिले होते: प्लॅटिपस, मादी व अंडी. गोटीने काचेला नाक लावले आणि शेजारच्या अनोळखी बाईंना सांगितले की त्यातले एक अंडे तिने घातले आहे.

त्या दिवसांत बापलेकीचा एक खेळ सुरू झाला होता. बदकोबा पाण्यात बुडी मारतो तेव्हा डोळे, कान, नाक सगळे मिटून घेतो. काही दिसत नाही, ऐकू येत नाही. किडामुंगी हलली की तिच्या अंगातून अगदी बारीक वीज निघते, ती त्याच्या चोचीला कळते आणि तो बरोबर तिथे जातो. तर गोटीने डोळे मिटायचे, कानांत बोटे घालायची, आणि चोच म्हणून तोंड पुढे काढून खोलीत फिरायचे. भाऊजींनी कुठेतरी निमूट उभे राहायचे. बोलायचे नाही, हाक मारायची नाही. फक्त पाऊल जमिनीवर हळूच आपटायचे. आमच्या मजल्याची जमीन लाकडी फळ्यांची होती. तिला ती थरथर तळपायाला कळे, आणि ती वळत वळत येऊन त्यांच्या पोटात डोके खुपसे.

साहेबांनी मोठ्या ग्रंथालयाकडे मागवलेले इंग्रजी पुस्तक पेटी मांडून झाल्यावर आले. भाऊजींचे इंग्रजी जेमतेम. माझे शिक्षण नन्सकडे झालेले, म्हणून ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. गोटीच्या प्रश्नांना तोटा नव्हता आणि त्यांच्याजवळची उत्तरे संपली होती. रविवारची दुपार होती. हे आत पडले होते. मी एकेक परिच्छेद वाचून मराठीत सांगत होते, गोटी टेबलाखाली बसून ऐकत होती.

पाय हे प्रकरण आले. मी वाचले आणि सांगितले, की नराच्या मागच्या दोन्ही पायांना, टाचेच्या आतल्या बाजूला, कोंबड्याच्या पायाला असतो तसा एकेक काटा असतो. आतून पोकळ. त्यातून विष येते. त्याने माणूस मरत नाही, पण वेदना अशी की काही केल्या थांबत नाही. मोठ्या मादीला काटा नसतो.

भाऊजी म्हणाले, "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचले. ते उठून गेले. थोड्या वेळाने परत आले, ते संग्रहालयाच्या पहारेकऱ्याला उठवून तळघर उघडून आले होते. हातात बिस्किटांचा डबा. त्यांनी दोन टोके टेबलावर ठेवली, माझी सुई घेतली आणि एकाच्या बुडातून आत घातली. सुई आत गेली.

"पुढे काय लिहिलंय?"

पुढे लिहिले होते की नर पिल्लांसाठी काहीच करत नाही. तो घरट्याच्या जवळही जात नाही. त्याचे बीळ वेगळे. मी ते जरा गाळून सांगायला हवे होते की काय, असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आताही वाटत नाही. त्यांनी विचारले, मी वाचले.

टेबलाखालून गोटी म्हणाली, "म्हणजे आपला बदकोबा बाप्या आहे?"

ती बाहेर आली, काटे निरखून पाहिले आणि म्हणाली, "मग बदकोबाच आई."

आणि चित्र रंगवायला निघून गेली. मला हसू आले. भाऊजी त्या दोन टोकांकडे बघत होते. त्यांनी ते ऐकले की नाही कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सगळे सांगितले. साहेब म्हणाले, अहो, कातडे मीही उलटसुलट पाहिले होते, मलाही तारच वाटली. मग दोघांनी बसून विचार केला. काटे परत चिकटवावेत तर अंडी काढली पाहिजेत, कारण नर अंड्यांवर बसलेला दाखवणे खोटे. अंडी ठेवावीत तर काटे नकोत. दुसरे कातडे मिळण्याची आशा नव्हती, आणि पोरेटोरे तर अंडी बघायलाच येत होती. अंडी राहिली. पाटीही तशीच राहिली. साहेबांनी भाऊजींच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, कुणाचं काही बिघडत नाही.

मावशी त्याच आठवड्यात आली. गोटीला आठवे लागले होते. या वेळी मावशी जरा निकराने बोलली. म्हणाली, "तुम्ही बाप म्हणून कशातही कमी पडला नाहीत. पण आई व्हायला जाऊ नका." आमचे हेही तेच बोलले, दहा वाक्यांत. मी चहा गाळत होते आणि वाट बघत होते, भाऊजी 'बघू' कधी म्हणतात याची.

ते म्हणाले, "घेऊन जा."

मी त्यांना गॅलरीत गाठले. वेड लागले का, असे विचारले. ते कठड्यावरच्या रंगाचा पोपडा नखाने काढत होते. म्हणाले, "वहिनी, मी काटा कापला म्हणून तो आई झाला का? लोकांना वाटतं, एवढंच. मीही इतकी वर्षं तेच करतोय."

"भाऊजी, पुस्तक त्या जनावराचं आहे. तुमचं नाही."

त्यांनी माझे बोलणे संपू दिले. मग हसल्यासारखे केले आणि आत गेले.

गोटीची ट्रंक त्यांनी स्वतः भरली. नाजूक पक्षी परगावी पाठवायचा असला की ते जशी पेटी भरत, तशी. प्रत्येक फ्रॉकच्या घडीत पातळ कागद, कोपऱ्यांत कापूस, पाटी मधोमध, हलणार नाही अशी. मावशी म्हणाली, अहो, कपडे आहेत, फुटणार नाहीत. गोटी रडली नाही. तिला वाटत होते, सुट्टीला चाललोय. बदकोबाच्या काचेवरची धूळ कोण पुसणार, एवढे मात्र तिने दोनदा विचारले.

स्टेशनवर मी गेले होते. गाडी सुटायच्या बेतात आली तेव्हा तिला काहीतरी उमगले असावे. खिडकीत बसल्या बसल्या तिने एकदम डोळे मिटून घेतले, दोन्ही कानांत बोटे घातली आणि तोंड पुढे काढले. भाऊजी खिडकीसमोर उभे होते. हाक मारली असती तर तिने डोळे उघडले असते. पण खेळात हाक मारायची नसते. मी त्यांच्या पायांकडे पाहिले. उजवे पाऊल फरशीवर हळूहळू आपटत होते. गाडी हलली. तिची खिडकी पुढे गेली, मग दुसऱ्या खिडक्या. गाडी गेल्यावरही ते पाऊल जरा वेळ तसेच आपटत राहिले.

पुढचे फार नाही. गोटी पहिली काही वर्षे सुट्टीत येई. मग परीक्षा, मग शिकवण्या, मग मैत्रिणी. तिकडे तिचे चांगले झाले, हे खरे. मावशीला ती आई म्हणू लागली. बापाला आधी 'अरे बाबा' म्हणायची, नंतर नंतर 'अहो बाबा' म्हणायला लागली. ते ऐकले त्या दिवशी भाऊजी बराच वेळ मांजरीजवळ बसले. मांजर तोपर्यंत तिसरी होती.

निवृत्त झाल्यावर ते रविवारी संग्रहालयात जात आणि बदकोबाच्या पेटीसमोर बसत. नव्या पहारेकऱ्याला वाटे, म्हातारा आपली कारागिरी बघायला येतो. मी एकदा बरोबर गेले. ते बाकावर बसले नाहीत, पेटीच्या बाजूला गुडघ्यांवर टेकले. तिथून, शेपटीच्या वळणाखालून, एक अंडे जेमतेम दिसे. त्याच्यावर अंगठ्याचा ठसा होता. मला त्यांनी बोटाने दाखवला.

आमचे हे गेले. नंतर तीन वर्षांनी भाऊजींना झटका आला. एक बाजू गेली, वाचा गेली, गिळता येईना. त्यांना मी आमच्याच खोलीत आणले. डॉक्टरांनी सांगितले, तोंडाने काही द्यायचे नाही, छातीत जाईल, फक्त ओठ ओले करत राहा. मी गोटीला कळवले. ती आली. उंच, चष्मा लावणारी, बोलण्यात तिकडची ऐट. मला वाकून म्हणाली, "काकू, तुम्ही आता थोड्या पडा."

मी पडले नाही, खुर्चीत बसून राहिले. तिने वाटीत पाणी घेतले, कापसाचा बोळा भिजवला, पिळला आणि त्यांच्या ओठांवरून फिरवला. भाऊजींचे डोळे मिटलेले होते. त्यांनी बोळा ओठांत धरला आणि चोखायला लागले. गोटीने घाबरून माझ्याकडे पाहिले.

"असं करतात का सगळेच?"

मी म्हटले, "तू करत होतीस." आणि तिला सांगितले. बाटली, निळे पडणे, बोळा, बनियन, सगळे. तिला कोणी कधी सांगितलेच नव्हते. मावशीला ठाऊक नव्हते, आणि भाऊजी लोकांशी थट्टा करत, पण मुलीजवळ त्यांनी हा विषय कधी काढला नाही. तिने ऐकून घेतले. मग बोळा पुन्हा भिजवताना, मान वर न करता म्हणाली, "मग पाठवलं का मला? गाडी सुटताना हाकसुद्धा मारली नाही त्यांनी. मी थांबले होते."

पुस्तकाची गोष्ट मी सांगितली. दोन काटे, सुई, आणि गॅलरीत ते काय म्हणाले ते. मग फलाटावर मला काय दिसले तेही सांगितले.

ती म्हणाली, "दगडी फलाट होता, काकू. मी गाडीत. मला कसं कळणार?"

खाली गल्लीत कोणीतरी पोराला अभ्यासाला बोलावत होते.

"आणि मी सांगितलं होतं की त्यांना," ती म्हणाली. तिचा आवाज आता पार लहानपणचा झाला होता. "टेबलाखालून. तेव्हाच सांगितलं होतं. बदकोबाच आई म्हणून."

तिने बोळा पुन्हा त्यांच्या ओठांशी धरला. मग चपला काढल्या, स्टूल खाटेजवळ ओढले, आणि फळ्यांच्या त्या जमिनीवर उजवे पाऊल हळूहळू आपटू लागली. खाटेचे पाय बारीक थरथरत होते. वाटीतल्या पाण्यावर वर्तुळे उठत होती. भाऊजींना ते कळले की नाही, मी सांगू शकत नाही. त्यांचे डोळे मिटलेलेच होते, आणि ते चोखत होते.